५० लिटरची टाकी: सायकलच्या नोंदी आणि नायट्रोजनचा हिशोब

४ जानेवारी

टाकी आज भरली एकदाची. मासे घालण्याआधी आता तिची सायकल करायची, म्हणजे अमोनिया घालून असे जिवाणू वाढवायचे जे माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ६० बाय ३० बाय ३६ सेंटीमीटर, तळाला साधारण ५ सेंटीमीटर धुतलेली बारीक खडी, एक ड्रिफ्टवुड, तीन दगड, कोपऱ्यात एअर पंपवर चालणारा स्पंज फिल्टर आणि हीटर २७ अंशांवर. झाडं इतक्यात लावणार नाहीये, कारण झाडं अमोनिया स्वतःच खातात आणि मग कुणी किती खाल्लं ते कळत नाही.

पाणी बादलीने मोजून ओतलं. काचेची मापं गुणली की जवळजवळ ६५ लिटर येतात पण खडी, लाकूड, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर आत बसलं ५० लिटरच. पुढचा प्रत्येक डोस या आकड्यावर ठरणार, ६५ धरले असते तर दर वेळी ३० टक्के जास्त पडलं असतं. अँटीक्लोरीन पण ५० लिटरच्या हिशोबाने घातलं. क्लोरीन उघड्या बादलीत एखाद दिवस ठेवलं की बऱ्यापैकी उडून जातं पण पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेलं असेल तर ते असं लवकर उडत नाही, आणि अँटीक्लोरीनने ते तोडलं की त्यातला अमोनिया मागे उरतो. म्हणून आधी नळाचंच पाणी तपासलं.

काल एका स्वच्छ बाटलीत नळाचं पाणी उघडं ठेवलं होतं, त्याचं रीडिंग: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ५, पीएच ७.८, केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप, डिग्रीत) ३ (तिसऱ्या थेंबाला निळ्याचं पिवळं झालं). नळातून लगेच घेतलेल्या पाण्याचा पीएच मात्र ७.२ आला. पाइपमधल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडून गेला की पीएच वर जातो, त्यामुळे खरा पीएच २४ तासांनंतरचा.

हे सगळं इतकं लिहून ठेवतेय त्याला कारण आहे. मागच्या टाकीत दोन आठवड्यांत सात मासे गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, वास नव्हता, फिल्टर चालू होता, आणि मासे वरती येऊन कल्ले जोरजोरात हलवत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. तेव्हा माझ्याकडे एकही टेस्ट किट नव्हतं. या वेळी आकडे नीट जुळल्याशिवाय एकही मासा आत जाणार नाही.

५ जानेवारी

अमोनियाचं द्रावण बनवलं. शुद्ध अमोनियम क्लोराइड, ३.१४ ग्रॅम पावडर आणि त्यात पाणी घालून बरोबर १०० मिली. हा आकडा घेतला कारण ३.१४ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइडमधून १ मिलिग्रॅम अमोनिया मिळतो, म्हणजे या द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम अमोनिया. टाकी ५० लिटर, मला हवा २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, एकूण १०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिली. सिरिंजने घातलं, तासाभराने टेस्ट केली, २ पीपीएम आलं. इतकं बरोबर आल्यावर फार बरं वाटलं, एकतर किट ठीक आहे आणि दुसरं म्हणजे ५० लिटरचा आकडाही ठीक आहे, दोन्हीची खात्री एकाच टेस्टमध्ये झाली.

लोक ४ आणि ५ पीपीएमसुद्धा घालतात. मी २ वरच राहणार, जास्त अमोनिया घातला की पुढे नायट्राइटचा डोंगर उभा राहतो आणि तो उतरायला तितकाच वेळ लागतो.

८ जानेवारी

पाणी दुधट झालंय. लाकडावर पांढरा बुळबुळीत थर पण दिसतोय. लेकीने विचारलं, आई, हेच का ते चांगले जिवाणू? तर नाही. हे लाकडातून सुटणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू, ते भराभर वाढतात आणि पाण्यात तरंगतात म्हणून पाणी दुधट दिसतं. आपल्याला हवे ते हळू वाढणारे, पृष्ठभागाला चिकटून राहणारे, स्पंजमध्ये आणि खडीवर. त्यामुळे पाणी बदललं तर सायकल परत पहिल्यापासून होते हेही खरं नाही, ते पाण्यात राहतच नाहीत. दुधटपणाला हात लावला नाही, आपोआप जाईल.

अमोनिया २, नायट्राइट ०.

११ जानेवारी

अमोनिया २, नायट्राइट ०. पाणी स्वच्छ झालं. बाकी काही नाही.

या दिवसांतच माणूस घाबरून काहीतरी करतो, अजून अमोनिया घालतो, फिल्टर धुतो, बाटलीबंद जिवाणू आणून ओततो. मी वाचत बसले. अमोनियावर जगणारे हे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्कीने १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखवले, आणि त्यांची गंमत ही की त्यांना सेंद्रिय अन्न लागतच नाही, अमोनियापासून ऊर्जा घेतात आणि कार्बन डायऑक्साइडपासून शरीर बांधतात. अशा जगण्यात मिळकत फार कमी म्हणून वाढ हळू. साधे जिवाणू चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात, यांना कित्येक तास, कधी दिवसभरही लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की आठ-दहा दिवस काहीच न दिसणं अगदी बरोबर वाटतं. एका जिवाणूचे दोन, दोनाचे चार, ते आपल्या किटला दिसण्याइतके व्हायला वेळ लागणारच.

दुसऱ्या टप्प्याचं श्रेय खूप वर्षं पुस्तकांत नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं, पण १९९८ मध्ये टिमथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तर नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोस्पिरा करतोय असं दिसलं. आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत दोन्ही कामं एकट्यानेच करणारे नायट्रोस्पिरा सापडले. म्हणजे या विषयातलं मूळ ज्ञानसुद्धा अजून बदलतंय, मला हे फार छान वाटलं.

१४ जानेवारी

नायट्राइट ०.२५!

नळी पांढऱ्या कागदावर धरून खिडकीच्या उजेडात बघितली, आकाशी निळ्यात अगदी किंचित जांभळी झाक. खात्री करायला शेजारी नळाच्या पाण्याची दुसरी नळी धरली, ती स्वच्छ निळी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हा फरक मला अजिबात दिसला नसता, अमोनियाची पिवळी-हिरवी छटा तर त्या उजेडात हमखास फसवते. आता सगळ्या टेस्ट सकाळीच.

अमोनिया अजून २ सारखाच दिसतोय. स्केलवर २ आणि १ च्या मधे रंगच नाहीये, त्यामुळे थोडासा कमी झाला असेल तरी तो इथे आधी दिसणार नाही, नायट्राइटमध्ये आधी दिसेल.

१७ जानेवारी

अमोनिया १. नायट्राइट २ आणि ५ च्या मधे.

पहिल्यांदा बघितल्यावर वाटलं काहीतरी चुकलं, १ पीपीएम अमोनिया गेला आणि नायट्राइट त्याच्या दुप्पट-तिप्पट कसं आलं? मग कागद घेऊन बसले. नायट्रोजन तेवढाच राहतो, त्याला चिकटणारे अणू बदलतात. अमोनियाच्या रेणूचं वजन १७, नायट्राइटचं ४६, नायट्रेटचं ६२. म्हणून १ पीपीएम अमोनियाचं होतं २.७ पीपीएम नायट्राइट आणि त्याचंच पुढे होतं साधारण ३.६५ पीपीएम नायट्रेट. आजचं रीडिंग म्हणजे बरोबर २.७ च्या आसपास. चुकलेलं काहीच नाही.

हे दोन आकडे, २.७ आणि ३.६५, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठे लिहिले. अजून एक लिहिलं, काही किट नायट्रेट न दाखवता नुसता त्यातला नायट्रोजन दाखवतात, तो आकडा ४.४ ने गुणला की नायट्रेट मिळतं. दोन जणांच्या रीडिंगची तुलना करताना हे माहीत नसेल तर एकाचे १० आणि दुसऱ्याचे ४४ हे एकच आहेत हे कळणारच नाही.

१९ जानेवारी

अमोनिया ०.२५, नायट्राइट ५, म्हणजे स्केलचा शेवटचा रंग. हिशोब: १.७५ गुणिले २.७ म्हणजे ४.७. जुळलं. दुसरा डोस घातला, १० मिली.

२१ जानेवारी

अमोनिया ०. दोन दिवसांत २ पीपीएमचा फडशा.

नायट्राइटची नळी गडद जांभळी, पहिला थेंब पडल्या पडल्याच. ५ च्या वर गेलं की रंग किती गडद झाला तरी आकडा सांगता येत नाही, आणि इथेच खूप जण "नायट्राइट दोन आठवडे ५ वरच अडकलंय" असं म्हणतात, खरं तर ते १५ असतं, मग १० होतं, मग ७, आणि किट बिचारं तिन्ही वेळा ५ च दाखवतं. म्हणून पातळ करून टेस्ट केली. टाकीचं १ मिली पाणी, ४ मिली डिस्टिल्ड वॉटर, आणि जे येईल ते गुणिले ५. आलं २, म्हणजे १०. एकूण ४ पीपीएम अमोनिया गेलाय, त्याचं नायट्राइट व्हायला हवं १०.८. जुळलं. म्हणजे नायट्राइट खाणारे अजून जवळजवळ नाहीतच.

आणि तरीही नायट्रेटची टेस्ट केली तर चक्क २०! क्षणभर वाटलं झालं की काम, दुसरा टप्पा पण सुरू झाला. पण मग वरचा हिशोब काय म्हणतो? सगळा नायट्रोजन तर नायट्राइटमध्येच मोजून झाला. भानगड अशी की नायट्रेटची टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग त्या नायट्राइटला रंग देते. म्हणजे पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही नायट्रेट म्हणून मोजलं जातं. ४ गुणिले ३.६५ म्हणजे १४.६, अधिक नळातलं ५, झाले १९.६. हे २० म्हणजे पाण्यातला एकूण नायट्रोजन, नायट्रेट नव्हे. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटचं रीडिंग घेण्यात काही अर्थ नाही, आता ती बाटली तेव्हाच उघडेन.

तिसरा डोस.

२३ जानेवारी

अमोनिया ०, काल संध्याकाळीच जवळपास संपला होता. चौथा डोस. लेक रोज विचारते मासे कधी, तिला वहीतला तक्ता दाखवला, आता ती स्वतःच रंग जुळवते आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

२४ जानेवारी

अमोनिया १.

२६ जानेवारी

अमोनिया १. हं?

२८ जानेवारी

अमोनिया १, चार दिवस तिथेच. जी टाकी दीड दिवसात २ पीपीएम संपवत होती ती अचानक थांबली. नायट्राइट पातळ करून २ आणि ५ च्या मधे, म्हणजे १० ते २५ मधलं काहीतरी. हीटर बघितला, तापमान २७. एअर पंप चालू, बुडबुडे नीट. फिल्टरला हात लावलेला नाही, काही नवीन घातलेलं नाही, दोनदा टेस्ट केली, दोन्ही वेळा तेच. सकाळपासून डोकं त्यातच.

मैत्रिणीला फोन केला, तिची टाकी चार वर्षं चालू आहे. सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न, "केएच बघितलंस का गं?"

नव्हतं बघितलं. ४ तारखेनंतर ना पीएच ना केएच, अमोनिया-नायट्राइटच्या नादात बाकीच्या बाटल्या डब्यातच राहिल्या. आत्ता केलं: पीएच ६.०, आणि ६.० हा माझ्या किटचा सगळ्यात खालचा रंग आहे, म्हणजे त्याहूनही कमी असू शकतो. केएच: पहिल्याच थेंबाला पिवळं. निळं झालंच नाही.

अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल शोषायचं काम पाण्यातलं बायकार्बोनेट करतं, केएच म्हणजे त्याचंच माप. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन साधारण ७.१ मिलिग्रॅम क्षारता (हेच बायकार्बोनेट, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजलेलं) खातं, म्हणजे माझ्या २ पीपीएमच्या एका डोसला केएच ०.६६ डिग्रीने उतरतो. आत्तापर्यंत ७ पीपीएम अमोनिया खाल्ला गेला, म्हणजे २.३ डिग्री. माझ्याकडे ३ होते, मग ०.७ उरायला हवे होते? इथे दुसरी गोष्ट लक्षात आली. तिसऱ्या थेंबाला रंग बदलला याचा अर्थ केएच ३ आहे असा नाही, २ आणि ३ च्या मधे कुठेतरी आहे असा. आज नळाचं पाणी ५ च्या ऐवजी १० मिली घेऊन टेस्ट केली, मग एक थेंब म्हणजे अर्धी डिग्री. पाचव्या थेंबाला बदललं, म्हणजे २.५ च्या आतच. २.३ गेले, २.५ पेक्षा कमी होते, खजिना रिकामा. सगळं जुळलं, फक्त मी ती बाजू लिहीतच नव्हते.

पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. शिवाय आम्लधर्मी पाण्यात नायट्राइट खूप असेल तर त्यातला थोडा भाग नायट्रस आम्ल होऊन राहतो, तो तर त्या जिवाणूंनाच जड जातो. नायट्राइट खाणारे का वाढत नव्हते त्याचंही थोडं उत्तर इथेच असेल.

२९ जानेवारी

अर्धं पाणी बदललं, त्याने नायट्राइट निम्मं झालं. मग खायचा सोडा. ५० लिटरमध्ये १ डिग्री केएच वाढवायला दीड ग्रॅम लागतो, मला ४ डिग्री हवे होते म्हणून ६ ग्रॅम वजन करून, मगभर पाण्यात विरघळवून, तासाभरात चार वेळा थोडा थोडा ओतला. संध्याकाळी १० मिलीच्या टेस्टला अकराव्या थेंबाला रंग बदलला, म्हणजे ५ ते ५.५. पीएच ८.०.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवते, टाकीत मासे असते तर हे असं एका संध्याकाळी करायचं नसतं. किट जो अमोनिया दाखवतं तो दोन रूपांचा मिळून असतो, एक अमोनियम, जो माशांना त्या मानाने फारसा बाधत नाही, आणि एक मोकळा अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुणाचा वाटा किती ते पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांच्या आसपास पीएच ६ ला मोकळा अमोनिया ०.०६ टक्के, ७ ला जेमतेम अर्धा टक्का, ८ ला साधारण साडेपाच टक्के, ९ ला एक तृतीयांशाच्या वर. म्हणजे काल पीएच ६ ला जो १ पीपीएम तसा निरुपद्रवी होता तोच १ पीपीएम ८ ला नव्वदपट विषारी. जुन्या, केएच संपलेल्या टाकीत कुणी एकदम भरपूर ताजं पाणी घालतं आणि तासाभरात मासे तडफडायला लागतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं आणि खापर मात्र नळाच्या पाण्यावर फुटतं. मागच्या टाकीच्या वेळी शेवटच्या दिवशी मी घाबरून जवळजवळ सगळं पाणी बदललं होतं. ते आठवून आज थोडा वेळ काही सुचलं नाही.

३० जानेवारी

मैत्रिणीने तिच्या फिल्टरच्या स्पंजचा हाताएवढा तुकडा दिला. तिच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणला आणि अर्ध्या तासात माझ्या फिल्टरवर बांधला. वाळू द्यायचा नाही, नळाखाली धरायचा नाही, एवढंच सांभाळायचं. तिच्या टाकीत गेले कित्येक महिने आजार नाही म्हणूनच घेतला, नाहीतर स्पंजबरोबर रोगही येतो. छोट्या गोगलगायी बहुतेक आल्या असतील, चालेल.

माशांच्या खाद्याची एक चिमूटही टाकली. नुसत्या अमोनियावर चालवलेल्या टाकीत फॉस्फेट मिळत नाही आणि जिवाणूंना तेही थोडं लागतं.

२ फेब्रुवारी

अमोनिया ०. परत सुरू झालं! नायट्राइट पातळ करून २, म्हणजे १०. केएच ठीक. पाचवा डोस.

६ फेब्रुवारी

अमोनिया ०, नायट्राइट पातळ करून १, म्हणजे ५. काहीच खाल्लं गेलं नसतं तर आज १६ असायला हवं होतं. म्हणजे ११ गेलं कुठे तर नायट्रेटमध्ये, हा पहिला खरा पुरावा. पातळ करून टेस्ट केली नसती तर मला आजही जांभळाच रंग दिसला असता आणि मी वैतागून बसले असते. सहावा डोस.

काचेवर तपकिरी धूळ बसल्यासारखा थर येतोय, डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं. नव्या टाकीत येतातच, पुसलं की जातं.

९ फेब्रुवारी

अमोनिया ०. नायट्राइट ०. पातळ न करता, सरळ टाकीचं पाणी, नळी स्वच्छ आकाशी. लेकीने तीनदा बघितली. नंतर पुन्हा एकदा मीही.

आता नायट्रेट. हिशोब आधी मांडला: पाणी बदलण्याआधी ८ पीपीएम अमोनिया घातला होता, त्याचे २९, अधिक नळातले ५, झाले ३४. अर्धं पाणी बदललं म्हणजे १७, अधिक ताज्या पाण्यातले अडीच, साधारण २०. त्यानंतरचे दोन डोस, १४.६. एकूण ३४-३५ यायला हवं. टेस्ट केली तर आलं १०.

दोन-अडीच आठवड्यांपूर्वी असती तर १० बघून मी खूश झाले असते, कमी नायट्रेट म्हणजे चांगलंच की. पण २४-२५ पीपीएम हवेत जात नाही. किटचा कागद परत वाचला. दुसऱ्या नंबरची बाटली ३० सेकंद जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट हलवायची. नायट्रेटचं नायट्राइट करणारी बारीक भुकटी त्या बाटलीच्या तळाशी बसते, आणि ही बाटली २१ जानेवारीपासून डब्यात उभी होती. मी दोन-चार वेळा हलवून थेंब टाकले होते. आता बाटली टेबलावर आपटून, ३० सेकंद मोजून हलवली, नळी मिनिटभर हलवली, पाच मिनिटं थांबले: गडद, २० आणि ४० च्या मधे, ४० कडे झुकलेला. जुळलं.

मला वाटतं २१ तारखेला बाटली नीट न हलवताही आकडा बरोबर येण्याचं कारण हेच की तेव्हा पाण्यात नायट्राइटच होतं, त्याला त्या भुकटीची गरजच नव्हती. नायट्रेटसाठीच ती लागते. कित्येकांच्या टाकीत "सायकल झाली पण नायट्रेट येतच नाही" असं असतं, त्यांनी आधी ही बाटली हलवून बघावी.

केएच आठव्या थेंबाला, म्हणजे ४ च्या आत. दोन डोसचे १.३ वजा झाले, बरोबर आहे.

१० आणि ११ फेब्रुवारी

सातवा डोस, २ पीपीएम, सकाळी सातला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला: अमोनिया ०, नायट्राइट ०.५. अजून थोडं बाकी. संध्याकाळी नायट्राइट ०.

१३ फेब्रुवारी

काल सकाळी आठवा डोस. आज २४ तासांनी अमोनिया ०, नायट्राइट ०. एकदा जमलं म्हणून विश्वास ठेवणार नाही, लगेच नववा डोस.

१४ फेब्रुवारी

परत ० आणि ०. सायकल झाली. ४१ दिवस.

दिवसाला २ पीपीएम म्हणजे या टाकीत १०० मिलिग्रॅम अमोनिया, सहा छोटे मासे त्याच्या जवळपासही जात नाहीत. त्यामुळे जिवाणूंची फौज गरजेपेक्षा मोठी आहे, खाणं कमी पडलं की ती आपोआप लहान होईल. म्हणूनच एकदम भरपूर मासे घ्यायचे तर आत्ताच आणि थोडेच घ्यायचे असतील तर पुढचे सावकाश, असं गणित असतं. आमचं थोडे आणि सावकाश ठरलंय.

१५ फेब्रुवारी

नायट्रेट हिशोबाने ५६, टेस्टला ४० आणि ८० च्या मधे. ८० टक्के पाणी बदललं. नवीन पाणी आधी अँटीक्लोरीन घालून हीटरने २६-२७ वर आणलं. नंतर नायट्रेट १० आणि २० च्या मधे, केएच पुन्हा नळाएवढा, २.५ च्या आत, पीएच ७.६.

हा केएच कमीच आहे. सोड्याच्या भरवशावर टाकी चालवायची नाही, म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा धुऊन जाळीच्या पिशवीत भरला आणि फिल्टरच्या बुडबुड्यांच्या वाटेत टांगला. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की तो हळूहळू विरघळतो, आणि दर आठवड्याच्या ताज्या पाण्यातूनही थोडा केएच परत येईल.

लाकडाला दोन ॲन्युबिअस बांधले, आता झाडांनी खाल्लं तरी हरकत नाही.

१६ फेब्रुवारी

सहा चेरी बार्ब. पिशवी तरंगत ठेवून अर्धा तास, मग दर पाच-दहा मिनिटांनी थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत, शेवटी जाळीने मासे आत आणि पिशवीतलं पाणी बाहेर. आल्या आल्या लाकडाखाली जाऊन लपले, तासाभराने एक बाहेर आला, मग सगळे. आज खाऊ नाही.

१८ फेब्रुवारी

अमोनिया ०.२५ दिसला आणि पोटात गोळा आला. रात्री दिव्याखाली टेस्ट केली होती. डिस्टिल्ड वॉटरची नळी शेजारी धरली, तीही तशीच हिरवट दिसली. सकाळी परत, खिडकीत: पिवळी, ०. रात्रीचं रीडिंग वहीत लिहिलंय पण शेजारी "दिव्याखाली" असंही लिहिलंय.

२३ फेब्रुवारी

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० कडे, केएच सहाव्या थेंबाला म्हणजे ३ च्या आत, पीएच ७.६. मासे दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल इतकंच खातात. पाव भाग पाणी बदललं. काढलेल्या पाण्याच्या बादलीत फिल्टरचा स्पंज दोनदा हलका पिळला, नळाखाली नाही.

१ मार्च

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५-२०, केएच ३. नर लालबुंद झालेत आणि एकमेकांसमोर पर फुलवून फिरतात. आता अमोनिया-नायट्राइट आठवड्यातून एकदा, केएच आणि नायट्रेट पाणी बदलायच्या आधी. आजची टेस्ट पूर्ण लेकीने केली, नायट्रेटची बाटली ३० सेकंद हलवताना मोठ्याने मोजत होती.